थंडीची सवय लागते म्हणजे अंगात नक्की काय बदलतं?

काकडलेला

नमस्कार मंडळी. प्रश्न साधाच आहे पण ज्याला विचारावं तो वेगळं उत्तर देतो म्हणून इथे टाकतोय. काही महिन्यांपासून फ्रोझन मालाच्या गोदामात कामाला आहे, आत उणे २० च्या आसपास असतं, मधे मधे बाहेर गरम खोलीत बसायला मिळतं पण शिफ्टचा बराचसा वेळ आतच जातो. सुरुवातीला जाम हाल झाले. दातावर दात आपटायचे, खांदे कानाला लागायचे, आणि घरी जाऊन जेवलो की बसल्याजागी झोप. आता कुडकुडणं जवळपास बंद झालंय, दार उघडून आत शिरताना जो गारठा एकदम अंगावर यायचा त्याचंही काही वाटत नाही. जुनी माणसं तर पातळ हातमोज्यांवर बॉक्स उचलतात आणि वर मलाच हसतात, म्हणतात अंगवळणी पडतं रे, शरीर आतून गरम राहायला शिकतं. एक जण म्हणाला रक्त घट्ट होतं म्हणून थंडी वाजत नाही.

आता घोळ असा की बाकी सगळं सुधारलं पण बोटं काही सुधारली नाहीत. बाहेर आलो की अशी ठणकतात की मोबाईल धरवत नाही. नाक सारखं गळतं. आणि लघवीला इतक्यांदा जावं लागतं की सुपरवायझरला वाटतं मी टाइमपास करायला पळतो. तर शरीर खरंच जुळवून घेतं का मनाची समजूत आहे? आणि घेत असेल तर बोटांना कोणी कळवलं नाही का?

रिकामटेकडा

मी पंखा तीनवर गेला की चादर ओढतो, त्यामुळे माझ्याकडून ज्ञान नाही. पण लघवीचं कारण मलाही हवंय, वाचतोय.

खडूफळा

शरीरशास्त्र शिकवतो म्हणून जरा लांब लिहितो, कंटाळा आला तर पुढचा प्रतिसाद वाचा.

पहिली गोष्ट, माणूस मुळात उष्ण प्रदेशातला प्राणी. कपडे नसतील तर साधारण २८ अंशाच्या हवेत त्याला काहीही न करता बरं वाटतं, त्याच्या खाली गेलं की शरीराला हातपाय हलवावे लागतात. शरीराकडे लगेच वापरायची दोन हत्यारं आहेत. एक म्हणजे कातडीखालच्या रक्तवाहिन्या आवळणं, जेणेकरून गरम रक्त पोटाछातीत राहील आणि बाहेरचा थर गार पडला तरी चालेल. दुसरं म्हणजे हुडहुडी. हुडहुडीत स्नायू नुसतेच थरथरतात, काम काही करत नाहीत, त्यामुळे जळलेलं सगळं इंधन उष्णता होऊन बाहेर पडतं, आणि जोरात भरली तर विश्रांतीच्या पाचपटीपर्यंत उष्णता तयार होऊ शकते. तुम्ही सुरुवातीला जेवून आडवे व्हायचात ना, त्यात या थरथरीचा वाटा असणार.

आता सवयीबद्दल. थंडीशी शरीर तीन तऱ्हांनी जुळवून घेतं असं मानतात. कुठे उष्णता जास्त बनवली जाते, कुठे ती कातडीतून कमी निसटू दिली जाते, आणि तिसरी तऱ्हा म्हणजे शरीर थंडीला उत्तरच कमी देतं. हुडहुडी उशिरा भरते, रक्तवाहिन्या पूर्वीइतक्या घट्ट आवळत नाहीत, मेंदूला 'गार आहे गार आहे' असे निरोप आले तरी तो फार दाद देत नाही. ही तिसरी तऱ्हा सगळ्यात जास्त दिसते आणि तुमच्या बाबतीत बहुतेक तीच चालू आहे. यात तुम्ही जास्त गरम झालेला नाही. भोंगा तोच आहे, आवाज कमी केलाय एवढंच.

म्हणून माझं म्हणणं एका ओळीत: थंडी कमी वाजणं वेगळं आणि अंग गरम राहणं वेगळं. ही गल्लत जुने कामगार करतात आणि जिममधली पोरंही करतात.

याची उदाहरणं भारी आहेत. १९५० च्या दशकात शोलँडर आणि हॅमल वगैरे शरीरशास्त्रज्ञ मंडळी मध्य ऑस्ट्रेलियात गेली, तिथले आदिवासी तेव्हा शून्याच्या जवळपासच्या रात्री उघड्या अंगाने, बाजूला छोटी शेकोटी ठेवून जमिनीवर झोपायचे. संशोधकांनी तसंच झोपायचा प्रयत्न केला तर रात्रभर कुडकुडले, डोळ्याला डोळा नाही. आणि ते लोक गाढ झोपलेले. मोजून पाहिलं तर त्यांच्या शरीरात उष्णता जास्त तयार होत नव्हती, उलट कातडीचं आणि आतलंही तापमान खाली उतरत होतं आणि शरीर ते निमूट चालवून घेत होतं. सकाळी उन्हात परत वर. तिथे ते फायद्याचं, कारण इंधन वाचतं आणि पहाट होणार हे नक्की असतं. तुमच्या गोदामात पहाट होत नाही हे लक्षात ठेवा.

उलट उदाहरण नॉर्वेचं, तेही शोलँडरचंच, १९५८ साली छापलेलं. विद्यार्थ्यांना सहा आठवडे डोंगरात अपुऱ्या कपड्यात आणि पातळ पांघरुणात ठेवलं. आधी थंड पायांमुळे आणि थरथरीमुळे झोपच येईना. शेवटी शेवटी काय झालं तर थरथरतच झोपायला लागले, उष्णता जास्त बनत राहिली आणि पाय गरम राहिले. म्हणजे माणूस तोच, थंडी किती, किती वेळ, खाणं किती, कपडे किती यावर शरीर कुठला मार्ग धरेल ते ठरतं.

रक्त घट्ट होण्याबद्दल: थंडीत रक्त थोडं दाटतं हे खरं, पण ते लघवीवाटे पाणी गेल्याने. त्याने ऊब वगैरे येत नाही.

गारपाणी

सर छान लिहिलंय पण ब्राऊन फॅट (जळून उष्णता देणारी तपकिरी चरबी) पूर्ण विसरलात की! 'जास्त गरम झालेला नाही' हे सरसकट म्हणता येणार नाही. २००९ साली एकाच वेळी तीन पेपर आले आणि मोठ्या माणसांतही ब्राऊन फॅट जिवंत आणि कामाचं असतं हे दाखवलं गेलं, त्याआधी सगळे समजायचे की ते फक्त तान्ह्या बाळांत असतं. मानेत, गळ्याच्या हाडाच्या वर, पाठीच्या कण्याशेजारी असतं. रंग तपकिरी कारण त्यात मायटोकॉन्ड्रिया (पेशीतले इंधन जाळणारे कण) खचाखच भरलेले आणि त्यांच्यात लोह असतं. त्यात यूसीपी१ नावाचं प्रोटीन असतं, ते असं करतं की इंधन जाळून पेशीची ऊर्जा साठवायची सोडून थेट उष्णताच काढायची, म्हणजे थरथर न करता हीटर चालू. नेदरलँड्समध्ये लोकांना १० दिवस रोज ६ तास १५-१६ अंशात बसवलं, तर ब्राऊन फॅटचं काम वाढलं, थरथर कमी झाली आणि त्यांना थंडी कमी वाजायला लागली. डायबेटिस टाइप २ वाल्यांवरही असाच १० दिवसांचा प्रयोग झालाय १४-१५ अंशात, इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद ४३ टक्क्यांनी सुधारला.

मी स्वतः थंड पाण्याने अंघोळ करतो, बारा महिने. फरक पडतो तो पडतोच, कोणी काहीही म्हणो.

खडूफळा

@गारपाणी विसरलो नव्हतो, पहिल्याच प्रतिसादात सगळं कोंबलं असतं तर लोक पळाले असते.

तुम्ही दिलेले प्रयोग बरोबर आहेत. पण दोन गोष्टी. डायबेटिसच्या प्रयोगात ब्राऊन फॅट फारसं वाढलं नव्हतं, साखर जास्त खेचून घेतली ती स्नायूंनी, म्हणजे श्रेय ज्याला देताय त्याचं नव्हतंच. आणि दुसरं जास्त महत्त्वाचं, ते लोक बारीक कपड्यात बसलेले होते, छातीपोट गार पडत होतं. आपले काकडलेला भाऊ आत जातात ते जाड जॅकेट, पँट, टोपी घालून आणि वर बॉक्स उचलत, म्हणजे जॅकेटच्या आत त्यांचं अंग कदाचित घामेजलेलं असेल. कातडीला थंडी कळलीच नाही तर ब्राऊन फॅटला निरोप कोण देणार? त्यांच्या शरीराचे जे भाग खरंच उणे २० ला सामोरे जातात ते म्हणजे चेहरा, बोटं आणि श्वासाची नळी. सवय जी काही व्हायची ती तिथे.

याचा पुरावा म्हणून कोरियातल्या पाणबुड्या बायका. समुद्रातून शिंपले वगैरे काढणाऱ्या, पूर्वी सुती कपड्यात हिवाळ्याच्या पाण्यातसुद्धा उतरायच्या. हिवाळ्यात त्यांच्या शरीरात विश्रांतीतही उष्णता जास्त तयार व्हायची आणि थरथर सुरू व्हायला इतरांपेक्षा जास्त गार पाणी असावं लागायचं. १९७० च्या दशकात रबरी वेटसूट आले आणि काही वर्षांत हे सगळं गायब. धंदा तोच, समुद्र तोच, पण अंगाला थंडी लागेना म्हणून शरीरानेही पसारा आवरला. कपडे चांगले असतील तर शरीर शिकत नाही, आणि गोदामात न शिकलेलंच बरं.

थंड पाण्याच्या अंघोळीवर मी काही बोलत नाही, धागा भरकटेल. करा खुशाल.

उंटावरून

मग काही जणांना जन्मापासूनच थंडी कमी का वाजते? माझी बहीण आणि मी एकाच घरात वाढलो, ती स्वेटर घालत नाही आणि मी काढत नाही.

खडूफळा

कारणं बरीच. अंगावरची चरबी, स्नायू, उंचीजाडी. बुटक्या-रुंद शरीराला वजनाच्या मानाने कातडी कमी म्हणून उष्णता कमी जाते. शिवाय एक गंमत, स्नायूंच्या वेगवान तंतूंमध्ये अल्फा-ॲक्टिनिन-३ नावाचं प्रोटीन असतं आणि जगातल्या साधारण पाचातल्या एका माणसात ते मुळातच नसतं. २०२१ च्या एका अभ्यासात अशा पुरुषांना १४ अंशाच्या पाण्यात बसवलं तर ते कमी थरथरूनही आतलं तापमान जास्त चांगलं टिकवत होते. तुमच्या बहिणीचं काय आहे ते मात्र मला विचारू नका.

शटरवाला

फ्रीझरमध्ये आयुष्य गेलंय माझं, आता सुपरवायझर आहे (लघवीला गेलं म्हणून ओरडणारा नाही). सरांचं वाचून बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला. भाऊ, ते पातळ मोजेवाले जे आहेत ना, त्यांचे हात नीट बघ. टेपचं टोक नखाने सोडवायला सांग. जमत नाही त्यांना, कटर काढतात. बोटाच्या टोकाला कळतच नाही काही. आणि ते स्वतः म्हणतात आम्हाला गार लागत नाही! लागणार कसं.

मी नवीन पोरांना एकच सांगतो, ठणका लागतोय तोवर बोट तुझं आहे. ठणका थांबला आणि तू अजून आतच आहेस, तर तडक बाहेर ये. आतल्या आत ठणका थांबणं ही चांगली बातमी नसते.

दुसरं म्हणजे वारा. ब्लोअरच्या (गार हवा फेकणाऱ्या पंख्याच्या) समोरचा रॅक आणि कोपऱ्यातला रॅक, थर्मामीटर दोन्हीकडे तेच दाखवतो पण समोरच्या रॅकवर गालाची कातडी कापल्यासारखी होते. आमच्याकडे एका पोराच्या कानाच्या पाळीवर पांढरा ठिपका आला, मेणासारखा, त्याला पत्ताच नाही कारण दुखतच नव्हतं, समोरच्याने बघितलं म्हणून कळलं. तेव्हापासून आमच्यात पद्धत पडली की दोघांनी एकमेकांचं नाक, गाल, कान बघायचे. आरशाची गरज नाही, माणूस पुरतो.

आणि घाम. घामाने आतला मोजा ओला झाला की संपलं. खिशात कोरडा जोड ठेव आणि ब्रेकमध्ये बदल. धातूच्या दांड्याला उघडा हात लावू नको हे तर सांगायलाच नको.

खडूफळा

@शटरवाला वाऱ्याचं अगदी बरोबर. अंगाला चिकटून गरम हवेचा पातळ थर असतो, वारा तो उडवून नेतो. सिपल आणि पॅसल या दोघा संशोधकांनी अंटार्क्टिकावर प्लास्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून ते वेगवेगळ्या वाऱ्यात गोठायला किती वेळ लागतो ते मोजलं आणि १९४५ साली छापलं, आज हवामानवाले जे 'जाणवणारं तापमान' सांगतात त्याची सुरुवात तिथून.

आणि आता बोटांचं उत्तर देतो, तो मूळ प्रश्न राहूनच गेला. बोटांत धमनीतून थेट शिरेत जाणाऱ्या छोट्या वाटा असतात, त्या उघडल्या की भसाभस गरम रक्त येतं आणि बंद झाल्या की बोट जवळजवळ बाहेरच्या हवेच्या भरवशावर. १९३० साली थॉमस लुईस या ब्रिटिश डॉक्टरने बोटं बर्फाच्या पाण्यात बुडवून पाहिली. आधी तापमान घसरत गेलं, पण ५-१० मिनिटांनी वाटा आपोआप उघडल्या, बोट गरम झालं, परत आवळल्या, परत उघडल्या, असं चालूच. कातडी मरू नये म्हणून शरीर मधे मधे रक्ताचा हप्ता सोडतं असं समजतात. वर्षानुवर्षं थंड पाण्यात हात घालणाऱ्या मच्छीमारांमध्ये हे जोरात होताना दिसलंय, पण मुद्दाम सराव करवून ते वाढतं का यावर प्रयोगांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत.

पण एक गोष्ट पक्की. छातीपोट गार असेल तर या वाटा नीट उघडतच नाहीत. शरीर आधी आतलं बघणार, बोटं नंतर. म्हणून बोटं गार पडत असतील तर मोजे तर बघाच पण जॅकेट, मान आणि मनगटही बघा. जॅकेटची बाही आणि मोजा यांच्यात दोन बोटं फट असते, तिथे रक्तवाहिन्या कातडीच्या अगदी जवळ असतात, आणि नेमकी तीच जागा सगळे उघडी ठेवतात.

दवाखाना_बंद

डॉक्टर आहे, पण इथे सल्ला म्हणजे तपासणी नाही हे आधीच सांगून ठेवते.

लघवी: कातडीतलं रक्त आत ढकललं गेलं की छातीतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांना वाटतं शरीरात पाणी जास्त झालं, मग किडनीला पाणी सोडायचा हुकूम जातो. आजार नाही, टाइमपास तर अजिबात नाही. पण त्यात पाणी जातं, शिवाय थंडीत तहान कमी लागते, त्यामुळे पाणी आठवणीने प्या. लघवीला जावं लागतं म्हणून पाणी तोडणारे खूप भेटतात, ते करू नका.

नाक: उणे २० च्या हवेत एका घनमीटरला जेमतेम १ ग्रॅम बाष्प मावतं आणि फुप्फुसात पोचेपर्यंत त्याच हवेत ४४ ग्रॅमच्या आसपास भरावं लागतं. ते सगळं पाणी आणि ऊब नाकाघशाचं अस्तर देतं. त्यासाठी नाक जास्त पाझरतं, आणि बाहेर सोडलेल्या श्वासातलं बाष्प गार नाकात परत पाणी होतं. म्हणून गळतं. सर्दी नव्हे. तोंडाने धापा टाकत जोराचं काम केलं तर मात्र ही गार कोरडी हवा थेट खाली जाते आणि दम्याच्या माणसाची श्वासनळी आवळते. बर्फात लांब पल्ल्याचं स्कीइंग करणाऱ्या खेळाडूंमध्ये दमा जास्त आढळतो तो यामुळेच. म्हणजे फुप्फुसाच्या बाबतीत वर्षानुवर्षं राहून सवय होण्याऐवजी बिघडायचीच शक्यता. नाकातोंडावर कापडी पट्टी ठेवा, सोडलेल्या श्वासातली ऊब-ओल तीत अडकते आणि पुढच्या श्वासाला मिळते.

हृदय: वाहिन्या आवळल्या की ब्लड प्रेशर वाढतं. तरुण माणसाला काही नाही, पण प्रेशर किंवा छातीचा त्रास असलेल्याने 'मला सवय आहे' म्हणून गोदामात एकदम जड उचलायला जाऊ नये. आणि दारू पिऊन आत जाऊ नये. दारूने वाहिन्या उघडतात, गरम वाटतं, आणि आतली ऊब भराभर निघून जाते, वर हुडहुडीही मंदावते.

आता शटरवाल्यांच्या पातळ मोजेवाल्यांबद्दल. थंडीने होणारी एक इजा अशी आहे जिच्यात काहीच गोठत नाही. तासन् तास गार आणि ओलं राहिलं की मज्जातंतू आणि बारीक रक्तवाहिन्या दुखावतात. त्यानंतर हातपाय थंडीला कणखर होत नाहीत, उलट आयुष्यभर हळवे होऊ शकतात, थोड्या गारव्यानेही पांढरे पडतात, रात्री जळजळतात. सवयीच्या अगदी उलटी गोष्ट. तर @काकडलेला, मला दोन गोष्टी सांगा. बोटं आत असताना पांढरी पडतात का, आणि ठणका किती वेळ टिकतो?

काकडलेला

सगळ्यांचे आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. लघवीचा परिच्छेद सुपरवायझरला दाखवणार आहे.

डॉक्टर ताई, ठणका गरम खोलीत बसल्यावर दहा-पंधरा मिनिटांत जातो, मग एकदम नॉर्मल, रात्री काही नाही. पांढरी पडतात का म्हणाल तर उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट, तेवढीच. ठळक रेघ मारल्यासारखी पांढरी, मग निळसर, मग लाल. मी आत्तापर्यंत चोळून चोळून आणि हीटरच्या जाळीला लावून गरम करत होतो. मनगटाची फट पण आज बघितली, खरंच दोन बोटं उघडी आहे.

दवाखाना_बंद

ठणका लवकर जातोय हे ठीक. पण पांढरं-निळं-लाल असं ठळक रेघेने होणं हे दाखवून घ्यायला हवं. याला रेनॉड म्हणतात, बऱ्याच जणांत निरुपद्रवी असतं, पण एकाच हाताला होत असेल तर कारण शोधावं लागतं. थरथरणारं मशीन, ड्रिल वगैरे वापरत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा. सिगारेट असेल तर बंद, निकोटिन त्याच वाहिन्या आणखी आवळतं.

आणि हीटरची जाळी नको! बधिर बोटाला भाजल्याचं कळत नाही. चोळूही नका, कातडीत बर्फ झाला असेल तर चोळण्याने आतून फाटते. नुसतं गार पडलेलं बोट काखेत धरा, बास. कधी बोट मेणासारखं पांढरं, कडक आणि बधिर झालं तर ३७ ते ३९ अंशाच्या पाण्यात बुडवून ठेवा, कोपराला सोसेल इतपत कोमट, आणि लगेच दवाखाना. एकदा वितळवलं की त्या दिवशी परत आत जायचं नाही, दुसऱ्यांदा गोठलं तर नुकसान कितीतरी जास्त होतं.

शटरवाला

भाऊ, त्या दोन बोटांसाठी तोवर एक कर. पाच बोटांचा मोजा सोड, अंगठा वेगळा आणि चार बोटं एकत्र असतो तो घे, आत पातळ लोकरीचा कोरडा मोजा. बोटं एकमेकांना ऊब देतात. घट्ट नको, दाबलं की रक्त येत नाही, एक नंबर मोठाच घे. स्कॅनर चालवताना त्रास होईल, तेवढ्यापुरता वरचा काढायचा. आणि ब्लोअरसमोरचा रॅक रोज तुझ्याकडेच येत असेल तर पाळी लावून मागून घे, लाजू नको.

रिकामटेकडा

सुपरवायझर काय म्हणाला ते इथे येऊन टाक.